छातीत दुखते, पण रिपोर्ट नॉर्मल!



ईद जवळ आली की शिलाईकाम करणाऱ्या भगिनींना उसंत नसते. नांदेडच्या अशाच एका बाजींची ही हकीकत. डाव्या छातीत दुखायचे, कळ हातातून थेट करंगळीपर्यंत जायची. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "हृदय चांगले आहे, टेन्शन घेऊ नका," असे सांगून त्यांना घरी पाठवले. घरात कोणी म्हणाले गॅस, कोणी म्हणाले नजर. दुखणे मात्र तसेच. रात्री मुले झोपली की त्या घाबरून जाग्याच राहायच्या.

पुढे त्या लातूरला भावाकडे गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट पाहून त्यांना एका महिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिने खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली बोटाने दाबले. बाजी ओरडल्याच, "हेच! हेच ते दुखणे!"

याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूचा एखादा छोटा भाग आखडून ताठ होतो, दाबला की दुखतो आणि दुखणे दुसरीकडेच जाणवते. छातीच्या स्नायूतली कळ हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते. मानेच्या बाजूच्या स्नायूंतली कळ छातीत आणि पाठीच्या फऱ्यात येते. म्हणून हृदयाचा धसका बसतो.

अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनीच उपचार केले आणि 1961 मध्ये त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी 1983 मध्ये यावर मोठा ग्रंथ काढला. स्नायूत नेमके काय बिघडते, यावर डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत. पण स्नायूंमुळे छातीत दुखू शकते, हे सर्वांना मान्य आहे.

आपल्याकडे हा त्रास कोणाला होतो? दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या भगिनींना, सोयाबीनच्या काढणीत विळा चालवणाऱ्या मजुरांना, लातूरच्या आडत बाजारात पोती उचलणाऱ्या हमालांना, तासन्‌तास मोबाइलवर मान घालून बसणाऱ्या मुलांना. खूप दिवसांचा खोकलाही छातीचे स्नायू आखडवतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आधी हृदयाची तपासणी, नंतर स्नायूंची. हा क्रम कधीही उलटा करू नये. छातीवर दडपण, घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा हातात कळ, जिना चढताना दुखणे आणि थांबल्यावर कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर तेल चोळत बसू नका. 108 वर फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे, लातूरलाही शासकीय रुग्णालय आहे. जे जवळ असेल तिथे लगेच जा. महिलांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराची लक्षणे अनेकदा पुसट असतात. नुसता थकवा किंवा ॲसिडिटीसारखी जळजळही असू शकते. दाबल्यावर दुखते म्हणून हृदय ठीकच, असेही समजू नका. एकाच माणसाला दोन्ही त्रास असू शकतात.

डॉक्टरांनी हृदय, फुप्फुस आणि पोट तपासून ठीक असल्याचे सांगितले, तरी दुखतच असेल, तर गप्प बसू नका. सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, हे स्नायूंचे असू शकते का?" मग फिजिओथेरपिस्टला दाखवा.

घरी करण्यासारखे थोडेच आहे, पण रोज करावे. दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे टाका, छाती ताणली जाईल. सावकाश श्वास घेत अर्धा मिनिट थांबा. दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठा. पाटाची किंवा खुर्चीची उंची बदला, म्हणजे खांदे पुढे झुकणार नाहीत. छातीवर कोणाही अनोळखी माणसाकडून सुया टोचून घेऊ नका. सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते.

बाजींचे दुखणे काही आठवड्यांत ओसरले. मशीन सुटले नाही, बसण्याची पद्धत बदलली. त्या आम्हाला म्हणाल्या, "दुखणे कमी झाले ते झालेच, पण मी खोटे बोलत नव्हते, हे घरच्यांना कळले."

हे वाक्य आमच्या मनात राहिले आहे. घरातली बाई छातीत दुखते म्हणाली, तर तिला नाटक किंवा वहम म्हणू नका. शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. तिची हेळसांड करू नये आणि विनाकारण भीतीतही जगू नये. दुआ करावी आणि इलाजही करावा.

अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.