घरबसली पदवी की विद्यापीठाचा वर्ग?

भिवंडीतील बौद्ध कुटुंबांपुढे दर उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपण नीट न तपासताच निकालात काढतो, अशी आमची तक्रार आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने अथवा मुलीने राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवावयाचे ठरविले, तर त्यांच्यापुढे दोन विद्यापीठांची दारे असतात. एक मुंबई विद्यापीठ. ते १८५७ साली स्थापन झाले व ठाणे जिल्हा, म्हणून भिवंडीची महाविद्यालयेही, त्याच्या कक्षेत येतात. दुसरे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ते १९८९ च्या कायद्याने जन्मास आले. त्याचे मुख्यालय नाशिकला असून अभ्यासकेंद्रे राज्यभर पसरली आहेत. पहिल्याच्या महाविद्यालयात रोज वर्गात जाऊन बसावे लागते. दुसऱ्यात पुस्तके घरी वाचावयाची, नेमलेल्या दिवशी केंद्रावर जावयाचे आणि परीक्षा द्यावयाची.

यांपैकी कोणते दार कोणासाठी, हे आपल्या घरांतून कसे ठरते? गुणवत्तेने ठरत नाही, विषयाच्या आवडीनेही ठरत नाही. मुलगा असेल तर महाविद्यालय; मुलगी असेल तर मुक्त विद्यापीठ. थोरला गोदामात हमालीला वा यंत्रमागावर रात्रपाळीला लागला असेल तर त्यालाही मुक्त. धाकट्याचे नशीब चांगले असेल तर त्याला वर्ग. ज्या समाजाने जन्मावरून दर्जा ठरविणारा धर्म सोडला, त्याच समाजाने स्वतःच्या चार भिंतींच्या आत जन्मावरून शिक्षणाचा दर्जा ठरवावा, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. हा लेख त्याविरुद्ध आहे.

वकिलीच्या निमित्ताने उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांची कागदपत्रे घेऊन पालक आमच्याकडे येतात. त्यांच्या तोंडून जी कारणे वारंवार ऐकू येतात, त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिले कारण असे की, "पदवी ती पदवी; शिक्का दोघांचाही सरकारमान्य." कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे बरोबर आहे, आणि जे बरोबर आहे ते नाकारण्याची आमची रीत नाही. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी वर्गात बसून मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावयाचे असेल तर या दोन पदव्यांत भेद होत नाही. मात्र कायद्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने एक कलम ध्यानात ठेवावे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे, आधीची पायरी न चढता, म्हणजे दहावी-बारावी न होता, ज्याने थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली आहे, त्यास विधी महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. बारावी रीतसर उत्तीर्ण होऊन दूरस्थ पद्धतीने पदवी घेणाऱ्यास ही अडचण नाही. राज्यशास्त्रानंतर वकिली, ही आपल्या मुलांची नेहमीची वाट आहे. त्या वाटेवरचा हा खड्डा आधीच दाखविणे आमचे कर्तव्य आहे.

परंतु कायद्याने दोन कागद समान ठरतात. त्या कागदांमागची तीन वर्षे समान ठरत नाहीत. गणिताचे उदाहरण एकट्याने सोडविता येईल. राज्यशास्त्र हे मुळातच एकट्याचे शास्त्र नव्हे. राज्य म्हणजे काय, बहुमताला मर्यादा कोणत्या, अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण कोणी करावयाचे, राज्यपालाचे अधिकार कोठे थांबतात, हे प्रश्न पुस्तकात वाचून पाठ होतात, पण समजतात ते वादात. आपल्या मुलीने भर वर्गात उभे राहून आरक्षणाविषयी आपले म्हणणे मांडावे, समोरच्या बाकावरील मुलाने ते खोडून काढावे, तिने संविधान उघडून पंधरावे अनुच्छेद दाखवावे आणि त्याला निरुत्तर करावे अथवा स्वतः विचारात पडावे, हे घडते तेव्हा त्या विषयाचे शिक्षण सुरू होते. भिवंडीसारख्या गावात, जेथे एकाच वर्गात मोमीन, आगरी, बौद्ध आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांची मुले शेजारी बसू शकतात, तो वर्गच लोकशाहीची पहिली सभा आहे. त्या सभेतून आपल्या मुलीचे नाव आपणच वगळावयाचे काय?

दुसरे कारण पैशाचे. मुक्त विद्यापीठ स्वस्त, महाविद्यालय महाग, असे सांगितले जाते. हा हिशेब अर्धवट आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल तर शुल्काची भरपाई होते व नियमित शिकणाऱ्यास भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर राज्य शासनाची शुल्कमाफीची योजना आहे. परगावी राहून शिकणाऱ्या व वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या गुणांच्या व रहिवासाच्या अटी शासननिर्णयात वाचून मगच अर्ज करावा. भत्त्याची रक्कम तुटपुंजी आहे, ती वेळेवर येत नाही, हे खरे. पण न मागितलेला हक्क तर कधीच येत नाही.

येथे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात एक भीती असते. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल, या धास्तीने काहीजण अर्जावर जुनाच धर्म लिहितात. ही भीती एके काळी साधार होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ साली त्यांत शिखांचा समावेश झाला. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. आज ती भीती निराधार आहे. धर्म बौद्ध लिहावा, निर्भयपणे लिहावा. मूळ जात अनुसूचित यादीत असल्याचा पुरावा, म्हणजे वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचा दाखला वा जुनी महसुली नोंद, शक्यतो १० ऑगस्ट १९५० पूर्वीची, शोधून प्रांत कार्यालयातून दाखला काढावा. ज्यांची मूळ जात त्या यादीत नव्हती, त्यांना केवळ धर्मांतराने हा दाखला मिळत नाही. त्यांनी आपापल्या प्रवर्गाचा मार्ग पाहावा. प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडे कोणी पूर्ण शुल्काचा हट्ट धरला, तर ती मागणी लेखी मागावी आणि समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तोंडी भांडण हवेत विरते, कागद टिकतो.

तिसरे कारण पोटाचे आहे, आणि ते सर्वांत गंभीर आहे. "पोरगा कॉलेजात गेला तर त्याची मजुरी कोण देईल?" शुल्क माफ झाले तरी बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. या प्रश्नास बाबासाहेबांनी स्वतः उत्तर देऊन ठेवले आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. याचा अर्थ ओळखा. कामकरी विद्यार्थ्याला 'तू घरी बस' असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. त्यांनी वर्गाची वेळ बदलली. आपणही महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे शिष्टमंडळ घेऊन जाऊन सकाळच्या तुकडीची मागणी करावी. वस्तीत जयंतीची वर्गणी जमते, तर दोन हुशार मुलांच्या बसभाड्याची वर्गणी जमणार नाही काय?

बाबासाहेबांचेच उदाहरण आणखी पुढे नेऊ, कारण त्यांच्यापुढेही दोन विद्यापीठे होती. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व तेथील राज्यशास्त्र शाखेत शिकून १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. ज्याला मायदेशीच्या शाळेत वेगळे बसविले गेले होते, तो विद्यार्थी परदेशी प्राध्यापकांच्या व सहाध्यायांच्या समोर उभा राहून जातीची चिकित्सा करीत होता. तेथून ते लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत गेले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. अमेरिकेची एम.ए. पदवी हाती होती. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरीही मिळाली. तेवढ्यावर संतुष्ट राहणे किती सोपे होते! पण पगारातून पैसा साठवून, उसनवारी करून, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. लंडन विद्यापीठाने तर १८५८ पासूनच वर्गात न येणाऱ्यांसाठी परीक्षेचे दार उघडले होते. त्याच लंडनमध्ये हा मनुष्य अर्धपोटी राहून वर्गात आणि ग्रंथालयात जाऊन बसला. त्यांना शिक्का हवा होता तसाच तो सहवास, ते ग्रंथ, तो वादही हवा होता.

याचा अर्थ मुक्त विद्यापीठास आम्ही कमी लेखतो, असा कोणी घेऊ नये. शाळा सुटलेल्यांना त्याने पूर्वतयारीची वाट काढून दिली, मराठीतून पुस्तके लिहवून घेतली, लग्न होऊन संसारात पडलेल्या भगिनीला आणि पस्तिशीतल्या माग कामगाराला पदवीचा मान दिला. हे काम थोर आहे. ज्याला दुसरे दार खरोखरच बंद आहे, त्याने ताठ मानेने तेथे जावे. आता तर, २०२२ च्या नियमाप्रमाणे, एक पदवी वर्गात व दुसरी दूरस्थ पद्धतीने एकाच वेळी घेण्याची मुभाही आहे. आमचे भांडण त्या विद्यापीठाशी नाही. सतरा-अठरा वर्षांच्या, बारावीत चांगले गुण मिळविलेल्या मुलीसाठी ते 'सोयीचे स्थळ' म्हणून निवडणाऱ्या बापाशी आमचे भांडण आहे. "रस्ता चांगला नाही, रिक्षा मिळत नाही, लोक काय म्हणतील" ही कारणे मुलाच्या वेळी कोठे जातात? १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली होती. ते माप आपल्या घराला लावून पाहावे.

आणि केवळ मुंबई विद्यापीठाच्या नावाला भुलणाऱ्यांनाही दोन शब्द. नाव घातले, ओळखपत्र घेतले आणि वर्षभर वर्गाचे तोंड पाहिले नाही, तर तो विद्यार्थी मुक्त विद्यापीठातील मन लावून वाचणाऱ्या भगिनीपेक्षा मागेच राहील. म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयात स्वतः जावे. राज्यशास्त्र हा मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत तेथे शिकविला जातो काय, प्राध्यापकांची पदे भरलेली आहेत की तासिका तत्त्वावर काम चालले आहे, उत्तरे मराठीतून लिहिता येतात काय, ग्रंथालयातील पुस्तके घरी मिळतात की कपाटात कुलूपबंद असतात, हे विचारावे. विचारणाऱ्यास कोणी हुसकावून लावीत नाही. आणि लावलेच तर त्या महाविद्यालयाविषयी काय ते कळून येते.

बंधुभगिनींनो, दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. ती विहारात म्हणावयाची आणि प्रवेशअर्जावर विसरावयाची नाही. यंदा अर्ज भरताना मुलाला व मुलीला शेजारी बसवा, दोघांना एकच प्रश्न विचारा आणि दोघांसाठी प्रथम एकच दार ठोठवा. ते उघडले नाही तर दुसरे आहेच. पण पहिले दार न ठोठावताच परत फिरण्याचा अधिकार आपल्याला आपल्या मुलींनी दिलेला नाही.

जय भीम!