मुसीच्या उगमाकडे, दोन सायकलींवर

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे परतले आणि घरात पुन्हा आम्ही दोघंच उरलो. हे जूनमध्ये निवृत्त झाले. ३३ वर्षांच्या संसारात दिवसभर एकमेकांसमोर राहायची सवय आम्हाला कधी नव्हतीच. पेपरची घडी कशी घालायची, यावरूनही खटके उडू लागले. शेवटी एके सकाळी हेच म्हणाले, "अगं, त्या सायकली गंजायच्या आत कुठेतरी जाऊन येऊ."

कुठे जायचं, ते मी ठरवलं. काचीगुड्यात राहायचं म्हणजे चादरघाटच्या पुलावरून रोजचं जाणं-येणं, आणि तेही नाकाला रुमाल लावून. ही मुसी येते तरी कुठून, ते एकदा बघायचं होतं. तिचा उगम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात, घरापासून साधारण ८० किलोमीटरवर. तरुण मुलं एका दमात पोचतात. आम्ही दोन दिवस धरले, मध्ये तंबूतला मुक्काम. लेक फोनवर म्हणाली, "आई, या वयात तंबू? रिसॉर्ट घ्या ना!"

पहाटे ५ ला निघालो. अफझलगंजला उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातली चिंच आठवली. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात या एका झाडावर चढून दीडशे माणसं वाचली, असं सांगतात. त्या पुरानंतरच विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि पुढे १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजे आपला गंडीपेट तलाव, बांधून झाला. त्याच्या काठावर थर्मासमधला चहा प्यायलो. पाणी मुसीचंच, पण रुमाल खिशातच राहिला.

पुढे विजापूर रस्त्याला लागलो, की चेवेल्ल्याचे वड सुरू होतात. दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ९०० झाडं. रुंदीकरणात ती जाऊ नयेत म्हणून काही नागरिक कित्येक वर्षं धडपडले. गाडीतून हे वड नुसते दिसतात. सायकलवर मात्र प्रत्येक सावली अंगावर येते, मग ऊन, मग पुन्हा सावली.

अशाच एका सावलीत माझं मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान यांच्या पिशवीत आणि हे नेहमीप्रमाणे पुढे! फोन केला, तर तोही सायलेंटवर. सीताफळं विकणाऱ्या एका बाईपाशी मी ४० मिनिटं बसले. हे परतले तेव्हा घामाघूम झाले होते. मी एवढंच म्हणाले, "अहो, सोबत यायचं ठरलं होतं ना?" पंक्चर निघालं, पण त्यानंतर मुक्कामापर्यंत दोघांपैकी कोणी बोललं नाही.

मुक्काम चेवेल्ल्याच्या पुढे, ओळखीतून ठरवलेल्या एका शेतात होता. एका बाजूला कापूस फुटलेला, दुसरीकडे तूर पिवळ्या फुलांवर आलेली. आम्ही तंबूच्या दोऱ्या ताणत असताना शेतमालकाची आई आली. "तिन्नारा?" तिने विचारलं. जेवलात का? आमच्याकडे पराठे होते, पण तिने ऐकलं नाही. गरम जोन्न रोट्टे, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, आणि अंबाडीची चटणी. जाताना आम्हा दोघांच्या तोंडांकडे बघून ती हसली. बहुधा सगळं कळलं असावं!

रात्री तंबूत किर्र आवाज नुसता. हे अंधारातच म्हणाले, "मी पुढे जातो ते तुला सोडून नाही गं. थांबलो तर पुन्हा पाय उचलेल की नाही, याची भीती वाटते. ऑफिस सुटल्यापासून असंच होतंय."

पाच महिने मी याला चिडचिड समजत होते. काय बोलावं ते सुचेना. म्हटलं, "उद्या मी पुढे. पंक्चरचं सामानही माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी विकाराबादनंतर चढ लागला. कडेला तरवड पिवळाजर्द फुललेला. इथे याला तंगेडू म्हणतात, बतुकम्मात हीच फुलं लागतात. एका वळणावर मागचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं, तर हे उतरून सायकल ढकलत होते, आणि चक्क मला हाक मारत होते, "थांब गं जरा!" मीही उतरले. उरलेला चढ आम्ही चालतच चढलो. किती वेळ लागला, ते दोघांनीही पाहिलं नाही.

अनंतपद्मनाभ स्वामींचं दर्शन घेतलं आणि खालच्या झाडीत गेलो. तिथे मुसी भेटली. पाऊल जेमतेम बुडेल एवढं पाणी, स्वच्छ. यांनी बूट काढले आणि बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसले.

परतीला सायकली टेम्पोत टाकल्या, लपवत नाही! कोणाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: राखीव जंगलात परवानगीशिवाय तंबू लावू नका, शेतमालकाला विचारा, पाणी भरपूर घ्या, आणि पंक्चरचं सामान दोघांच्याही पिशवीत ठेवा.

पेपरच्या घडीवरून आम्ही अजूनही भांडतो. पण आता फेरफटक्याला निघालो, की चौकाचौकात हे माझ्यासाठी थांबतात.