सूर वाटावेत, श्रेय लुटू नये

बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणीसारख्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ही कोणा एकाची मालमत्ता मानली जात नाहीत. जे सर्वांनी मिळून म्हणायचे, ते मोबाईलवरून एकमेकांना पाठविण्यात वावगे काय, असा प्रश्न तेथील सरळमार्गी माणसाला पडणे स्वाभाविक आहे. त्याला एका दमात चोर ठरविणे हा अन्याय होईल. पण ‘सगळेच करतात’ म्हणून प्रश्न झटकून टाकणे ही आत्मवंचना ठरेल.

१९५७चा कॉपीराइट कायदा येथे काही भेद करतो. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर आज कोणाचीही मालकी नाही. मात्र तो अभंग एखाद्या गायकाने गाऊन ध्वनिमुद्रित केला, तर त्या मुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. कवीच्या शब्दांवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. राष्ट्रसंतांचे निर्वाण १९६८ सालचे, म्हणजे त्यांच्या रचनांसाठी ही मुदत २०२८ अखेरपर्यंतची. ‘गीतरामायण’कार गदिमा १९७७ साली गेले, तेथे ती २०३७ अखेरपर्यंतची. धार्मिक विधीत ही गीते गाण्यास कायद्याची आडकाठी नाही. खासगी वापरालाही कलम ५२ मोकळीक देते. परंतु शेकडो अनोळखी लोकांपुढे गाण्याची फाईल खुली करणे, अथवा पैसे घेऊन मेमरी कार्ड भरून देणे, याला खासगी वापर कसे म्हणावे? अशा गुन्ह्याला ६ महिने ते ३ वर्षे कारावासाची तरतूद आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते.

मात्र ‘चोरी, चोरी’ म्हणून आक्रोश करणाऱ्या संगीत व्यवसायाचाही इतिहास निर्मळ नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटगीतांचा मूळ हक्क निर्मात्याकडे गेला आणि कवी-संगीतकार एकरकमी मानधनावर बाजूला पडले. २०१२ची दुरुस्ती होईपर्यंत, तब्बल ३५ वर्षे, ही स्थिती राहिली. त्या दुरुस्तीने त्यांचा मानधनातील वाटा असा सुरक्षित केला की, तो करार करूनही सोडून देता येत नाही. म्हणूनच आज अधिकृत मार्गाने ऐकलेल्या गाण्यातून कवीच्या घरी चार पैसे जाण्याची वाट तरी आहे. चोरट्या प्रतीत तीही नाही.

यात सर्वाधिक हानी होते ती नामवंतांची नव्हे, खेड्यातील कलावंताची. रात्र जागवून भजन गाणाऱ्या मंडळाचे ध्वनिमुद्रण कोणी उचलतो, त्यावरील मंडळाचे नाव पुसतो आणि जाहिरातींचे उत्पन्न स्वतःच्या पदरात पाडून घेतो. त्या मंडळाने वकील कोठून आणावा? वास्तविक, आपल्या कलाकृतीवर आपले नाव असण्याचा अधिकार कायदा रचनाकाराला आणि गायक-वादकालाही देतो. तो कागदावरून व्यवहारात आणण्याचे दायित्व समाजाचे आहे.

आपल्या परंपरेत अभंगाच्या शेवटी रचनाकाराची नाममुद्रा असते. शतकानुशतके गाणाऱ्यांनी अभंग मुक्तहस्ते वाटले, पण ती मुद्रा पुसली नाही. हाच संस्कार नव्या साधनांनाही लागू करावा. जे मुक्त आहे ते अवश्य वाटावे, नावासह वाटावे. जे विकत मिळते ते विकत घ्यावे. आणि घरातील मुलांना सांगावे की, यंत्रावर प्रत फुकट निघते; गाणे मात्र फुकट निर्माण होत नाही.