खुल्या सॉफ्टवेअरची किल्ली कोणाच्या खिशात?



दिवसाचा हिशेब लावताना काउंटरवर रोकड कमी भरली तर काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. फरक खिशातून भरा, नाहीतर चौकशीला उभे राहा. ब्रिटनमधल्या सबपोस्टमास्तरांवर हीच पाळी आली. पण तेथे अनेकांची रोकड कमी नव्हतीच. चूक संगणकाच्या प्रोग्राममध्ये होती. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही प्रणाली लागू केली. तिने दाखवलेल्या तुटीवर विसंबून चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांसाठी ९०० हून अधिक लोकांना दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काही कर्जबाजारी झाले, काहींनी जीव दिला. संगणक बरोबरच असणार असे गृहीत धरले गेले, आणि प्रोग्रामच्या आत काय दडले आहे हे आरोपीला पाहता येत नव्हते. ५५५ जणांनी मिळून लढवलेल्या दाव्यात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीतले दोष मान्य केले. शेकडो लोकांवरचा कलंक पुसण्यासाठी २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला.

यावर उपाय म्हणून 'ओपन सोर्स' म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ही चळवळ सुरू केली. तिचे तत्त्व साधे आहे. प्रोग्राम कोणालाही वापरता यावा, त्याची मूळ संहिता वाचता यावी, त्यात दुरुस्ती करता यावी आणि ती इतरांना देता यावी. १९८९ साली हे हक्क 'जीपीएल' नावाच्या परवान्यात लेखी बांधले गेले. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली पुढे याच परवान्याखाली आली आणि आज जगातले बहुसंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात.

पण 'खुले' अशी पाटी लावली म्हणजे विश्वास ठेवावा का? अनुभव वेगळे सांगतो.

सेंटओएस ही लिनक्सची एक विनामूल्य आवृत्ती. असंख्य संस्थांनी आपले सर्व्हर तिच्यावर उभारले होते. २०१४ साली रेड हॅट कंपनीने हा प्रकल्प आपल्या छायेखाली घेतला. २०१९ साली आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे जाहीर झालेले होते. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने सांगितले की ती २०२१ अखेर बंद होईल. कायदा मोडला नाही, परवानाही मोडला नाही. मोडला तो शब्द. कारण तो केवळ शब्द होता, करार नव्हता.

दुसरे उदाहरण हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीचे. तिचे टेराफॉर्म हे साधन अनेक वर्षे खुल्या परवान्याखाली होते आणि बाहेरच्या कित्येकांनी त्यात श्रम घातले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने परवाना बदलला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या वापरावर बंधने घातली. हे तिला करता आले, कारण हातभार लावणाऱ्या प्रत्येकाकडून तिने आधीच एका कागदावर सही घेतली होती. आपण लिहिलेल्या भागाचा परवाना ठरवण्याचा अधिकार त्या सहीने कंपनीकडे गेला होता. श्रम सर्वांचे, सही एकाच्या फायद्याची! हा प्रकार कामगाराला नवा नाही.

याउलट लिनक्सचा गाभा पाहा. त्यावर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आज मोठमोठ्या कंपन्यांचाच पगार मिळतो. तरीही त्याचा परवाना कोणतीही एक कंपनी बदलू शकत नाही. तेथे ज्याने जे लिहिले त्याचा हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे राहतो आणि असे हक्कदार हजारो आहेत. सगळ्यांची संमती मिळवणे अशक्य, म्हणून लेखी हक्क टिकून आहे.

हक्क लेखी असला की फसवणुकीनंतरही मार्ग उरतो. २०१० साली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ओरॅकलने घेतली आणि ओपनऑफिसचे भवितव्य अंधारात गेले. तेव्हा त्यावर काम करणारे अनेक जण संहिता घेऊन बाहेर पडले, त्यांनी आपली स्वतंत्र संस्था उभारली आणि लिब्रेऑफिस सुरू केले. ते आज मराठीतही चालते. परवान्याने त्यांना वाट दिली, पण त्या वाटेने चालायला संघटना लागली.

मग कंपन्यांचा पैसा विषच मानायचा का? नाही. फुकटच्या सेवाभावावरही जग चालत नाही. 'एक्सझेड' नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत वापरला जातो. तो सांभाळणारा मुख्यतः एकच थकलेला, बिनपगारी माणूस होता. मदतीच्या मिषाने एका तोतयाने सुमारे दोन वर्षे काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ साली प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेते आहे असे जाणवले, म्हणून चोरी उघडकीस आली. संहिता खुली होती म्हणून त्याला शोध घेता आला. आणि हा अभियंता मायक्रोसॉफ्टचा पगारी नोकर होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तेव्हा प्रश्न पैसा घ्यावा की नाही हा नाही. पैसा देणाऱ्याला 'नाही' म्हणता येते का, हा आहे. होरायझनच्या प्रकरणातच याचा धडा आहे. सबपोस्टमास्तरांचा स्वतःचा महासंघ होता. पण त्याचा खर्च पोस्ट ऑफिसच्या अनुदानावर चालत होता आणि पोस्ट ऑफिसच्या हिताला बाधा येईल असे काही न करण्याची अट त्या करारात होती. हा महासंघ अजिबात स्वतंत्र नाही असा शेरा न्यायाधीशांनी २०१९ च्या निकालात मारला. मालकाच्या खिशातली युनियन आणि एका कंपनीच्या मुठीतले खुले सॉफ्टवेअर, दोघांची जात एकच.

हे सारे आपल्या दारात आलेले आहे. रेल्वेची संगणक प्रणाली 'क्रिस' सांभाळते. टपाल खात्याच्या म्हैसूरच्या केंद्राने तयार केलेली नवी प्रणाली २०२५ साली देशभरच्या टपाल कार्यालयांत लागू झाली. बाहेरच्या कंपनीऐवजी खात्याच्या माणसांनी प्रणाली घडवणे हे स्वागतार्हच आहे. सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे केंद्र सरकारचे धोरण २०१५ पासून आहे. त्याच वर्षी सरकारी प्रोग्रामची संहिता खुली करण्याचे धोरणही जाहीर झाले. या कागदांचा आधार घेऊन आपण तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत.

पहिली, ज्या प्रणालीच्या आकड्यावरून कर्मचाऱ्यावर वसुली किंवा कारवाई होते, तिच्या नोंदी आणि ज्ञात दोषांची यादी त्या कर्मचाऱ्याला व त्याच्या संघटनेला पाहता आली पाहिजे. दुसरी, 'खुले' म्हणून घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना कोण बदलू शकतो आणि उद्या कंपनीने हात वर केले तर दुरुस्ती कोण करणार, हे खरेदीआधी लेखी जाहीर व्हावे. तिसरी, ती दुरुस्ती करू शकणारी कायम पदे खात्यातच असावीत, कंत्राटावर नव्हे.

पगारवाढीचे तोंडी आश्वासन घेऊन आपण कधी संप मागे घेतला नाही. संगणकाच्या बाबतीतही तोच नियम पाळू या. शब्द नको, सही हवी. आणि ती सही राखणारी संघटना आपली हवी.