काडतूस घरचं, शिसं रानात

शनिवारी रात्री बॉइसीतल्या एका गॅरेजमध्ये आम्ही दोघं डिजिटल काट्यासमोर बसलेलो असतो. मी आणि माझ्या टीममधला एक ज्येष्ठ सहकारी. समोर वापरलेल्या पितळी पुंगळ्यांचा ट्रे, शेजारी वहीत लिहिलेले आकडे. काटा ग्रेनमध्ये वजन दाखवतो. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आणि आम्ही वाद घालतो तो ग्रेनच्या दहाव्या भागावरून.

याला हँडलोडिंग म्हणतात. झाडलेली पुंगळी फेकायची नाही. ती साफ करायची, मूळ मापात आणायची, तिच्यात नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवायची. अमेरिकेत हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. दुकानातलं काडतूस हजारो रायफलींसाठी बनवलेलं असतं. घरचं काडतूस फक्त तुमच्या रायफलीसाठी. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला यात काय गोडी वाटते, हे मी समजावून सांगायला नको.

मी इथं व्हिसावर आहे. एरवी माझ्यासारख्याला इथं बंदूक बाळगता येत नाही, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर कायदा अपवाद करतो. मी रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं. आयडाहोत कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे, संख्येवर मर्यादा नाही. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन भाऊबंद. मेंढपाळांच्या कोकरांवर त्याचा डोळा असतो, आणि मेंढपाळांचा त्याच्यावर. त्याच्यासाठी .२२३ रेमिंग्टन किंवा .२२-२५० सारख्या छोट्या कॅलिबरच्या, फार वेगवान रायफली वापरतात.

आता मुळात शिकारच चूक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी आज भांडत नाही. तो वाद मोठा आहे आणि तुमची बाजू कमकुवत नाही. माझं भांडण आहे ते माझ्याच जमातीशी. काडतुसातली प्रत्येक गोष्ट आपण स्वतः निवडतो असं छाती फुगवून सांगणाऱ्या, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सवयीनं निवडणाऱ्या हँडलोडरांशी.

ती गोष्ट म्हणजे गोळीच्या आतला धातू.

कायोटीसाठीची नेहमीची गोळी ४० ते ५५ ग्रेनची असते, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास. बाहेर तांब्याचं पातळ आवरण, आत मऊ शिसं. ती मुद्दाम अशी बनवलेली असते की आत शिरताच फुटावी आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडू नये. कातडं फाटत नाही, गोळी दगडावर आपटून भलतीकडे उडण्याची भीती कमी होते. शिकारी ही तिची खुबी म्हणून सांगतात. पण हिशोब पूर्ण करा. गोळी बाहेर पडली नाही, म्हणजे शिसं आत राहिलं. तुकड्यांच्या, कणांच्या, भुकटीच्या रूपात.

आणि कायोटी बहुतेक वेळा तिथंच राहतो. त्याचं मांस कुणी खात नाही. कातड्याला भाव होता तेव्हा लोक तो उचलून आणत. पण जॅकेटांच्या टोप्यांना कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूससारख्या कंपनीनंही २०२१ मध्ये फर सोडायचं जाहीर केलं. आता फोटो निघतो आणि कलेवर सेजब्रशच्या झुडपांत पडून राहतं.

तिथं ते कोण खातं? बॉइसीच्या दक्षिणेला स्नेक नदीच्या कडेकपारींत शिकारी पक्ष्यांसाठी राखलेलं मोठं संरक्षित क्षेत्र आहे, १९९३ पासून. तिथं दरवर्षी शेकडो जोड्या घरटी करतात: ससाणे, घुबडं, सोनेरी गरुड. कायोटीच्या शिकारीचा भर हिवाळ्यात असतो आणि हिवाळ्यातच गरुडांना जिवंत भक्ष्य कमी मिळतं. मग ते मेलेल्यावर उतरतात. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की शिशाचा कण तिथं विरघळून रक्तात जातो. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा एका गरुडाला मारायला पुरतो.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांची तपासणी. बाल्ड ईगल आणि सोनेरी गरुड, दोन्ही जातींत जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेल्या शिशाच्या विषबाधेची खूण सापडली. हाडांत साचणं म्हणजे एकदाचा अपघात नव्हे. वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. गुराला दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरातून गिधाडात गेलं आणि गिधाडं संपत आली. औषध देणाऱ्याला गिधाड मारायचं नव्हतं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. कलेवरात आपण काय सोडतो याची किंमत ते खाणारा मोजतो, एवढाच त्याचा धडा आहे.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगतो. माझ्या सहकाऱ्याला शिसं विषारी आहे हे माहीत नाही असं नाही. उलट, त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. पुंगळ्या साफ करताना तो हातमोजे घालतो, कारण प्रायमरच्या राखेत शिसं असतं. गॅरेजमध्ये खाणंपिणं बंद. हात धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. त्याची मुलगी चार वर्षांची आहे, ती दारात आली तरी तो ओरडतो, “तिथंच थांब!” हे सगळं योग्यच आहे. पण मग त्याच शिशाचे तीन ग्रॅम रानात उघड्यावर ठेवून येताना ते ज्ञान कुठं जातं?

मी स्वतःला यातून वगळत नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मीही एक कायोटी मारला आणि तसाच सोडला. पुढच्या शनिवारी गेलो तर बरगड्या उरल्या होत्या, आणि भोवतीच्या बर्फावर पंखांचे मोठे ठसे. मेलेला गरुड मला दिसला नाही. दिसणारही नव्हता; विष चढलेला पक्षी जेवणाच्या ताटावर मरत नाही, लांब कुठंतरी जाऊन मरतो. आमच्या धंद्यात लॉगमध्ये एरर दिसली नाही म्हणून सिस्टीम ठीक आहे असं म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. इथं मात्र मी वर्षभर तेच म्हणत होतो.

पर्याय नाही असंही नाही. तांब्याच्या किंवा तांबं-कथिलाच्या भुकटीच्या, शिसं नसलेल्या गोळ्या याच कॅलिबरात मिळतात. त्यांच्याविरुद्ध मी ऐकलेले मुद्दे एकेक घेतो.

“महाग आहेत.” आहेत. पण कायोटीचा शिकारी दिवसभरात किती गोळ्या झाडतो? दोन, तीन, कित्येकदा एकही नाही. सरावाला शिसं वापरा, रेंजवर. रानात वेगळी पेटी न्या.

“नेम बसत नाही.” यात तथ्य आहे. तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि .२२-२५० च्या जुन्या, सावकाश पीळ असलेल्या नळीत ती डळमळते. मग हलकी गोळी घ्या. वाऱ्यात ती जास्त सरकते, हेही खरं; मग लांबचा नेम सोडा. आणि तीन गोळ्या झाडून “ही माझ्या रायफलीला मानवत नाही” असा निकाल देऊ नका. तीन नमुन्यांवर निष्कर्ष काढणाऱ्या ज्युनिअरला आपण ऑफिसात काय बोलतो ते आठवा. शिवाय, रायफलीला मानवेल असं काडतूस शोधणं हाच तर आपला छंद ना? दुकानातून पेटी घेणाऱ्याला ही सबब शोभेल, आपल्याला नाही.

“ही शिकार बंद पाडायची चोरवाट आहे.” १९९१ पासून संपूर्ण अमेरिकेत बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत. बदकांची शिकार बंद झाली नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद आहेत, तीही मुख्यतः काँडोर गिधाडांसाठी. १९८२ मध्ये ती जगात अवघी २२ उरली होती. तिथंही लोक शिकारीला जातात.

“बाल्ड ईगल तर वाढतायत.” वाढतायत, आनंद आहे. त्याच अभ्यासाप्रमाणे शिसं ती वाढ दरवर्षी ३.८ टक्क्यांनी दाबतं. सोनेरी गरुडाच्या बाबतीत आकडा ०.८ टक्के आहे. छोटा वाटतो. पण तो पक्षी सावकाश वाढतो आणि त्याच्याकडे उधळायला जादा पिल्लं नाहीत. आणि ग्रेनच्या दहाव्या भागासाठी तासभर घालवणाऱ्या माणसानं ०.८ ला छोटा म्हणू नये.

कायदा येईल तेव्हा बघू, असं माझा सहकारी म्हणतो. आयडाहोत असा कायदा लवकर येईल असं मलाही वाटत नाही. पण कायद्याची वाट कारखान्यानं पाहावी. आपल्या काडतुसात काय भरायचं हे आपल्याला कुणी सांगत नाही, याचाच आपल्याला अभिमान आहे ना? मग हे काम कुणी सांगायच्या आधी करायचं आहे.

मी या हिवाळ्यात शिसं सोडलं. माझे नेम शंभर यार्डांवर थोडे पसरले, तीनशे यार्डांवर वारा असेल तर मी आता रायफल खाली ठेवतो. दोन कायोटी त्यामुळे निघून गेले. सहकारी अजून जुन्याच पेटीतल्या गोळ्या भरतो, आणि उठताना न चुकता हात धुतो. पुढच्या शनिवारी मी माझी पेटी त्याच्या ट्रेशेजारी ठेवणार आहे. वाद होईल. व्हायलाच हवा.