जिप्सीला दीड इंच पुरे

जुनी जिप्सी किती उचलावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: दीड इंच. तेही आधी बसलेले कमानपाटे नीट करून, आणि त्यानंतर गरज उरलीच तर. हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात. त्यांच्या मोबाइलवर चार-चार इंच उचललेल्या, कमरेएवढ्या टायरांच्या गाड्या असतात.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरी संपली तरी भोर-वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यांवरून बोलावणं येतंच. अडलेली म्हैस माझी निवृत्तीची तारीख विचारत नाही. केळदच्या अलीकडे-पलीकडे डांबर संपलं की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या सुरू होतात. तिथे गाडीचं नेमकं काय अडतं, हे खाली आडवं होऊन पाहिलं तर लिफ्टचा निम्मा वाद जागेवर मिटेल. अडतो तो डिफरन्शियलचा गोळा. जिप्सीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल अखंड, कमानपाट्यांवर बांधलेले. पाटे उंच केले की वर जाते चेसिस आणि बॉडी. गोळा होता तिथेच राहतो. चार इंचांची लिफ्ट मारली तरी त्याच्याखालच्या जागेत केसाइतकाही फरक पडत नाही.

ती जागा वाढते फक्त टायरने, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच. माझ्या जिप्सी किंगला 205/70 आर 15 मापाचे टायर आहेत. व्यास साधारण 668 मिलिमीटर. 215/75 घातले तर तो 703 होतो, म्हणजे गोळा जेमतेम 17-18 मिलिमीटर वर. पोरांना हवे असतात 235/75. त्यांचा व्यास 733, गोळा 32-33 मिलिमीटर वर. मिळालं खरं, पण किंमत बघा. सगळे गियर दहा टक्क्यांनी लांबतात, स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने पळत असते, आणि 1300 सीसीचं इंजिन वरंधा घाटात तिसरा सोडून दुसरा मागू लागतं. म्हणून मी 215 वर थांबायला सांगतो. तेवढ्या टायरला वर-खाली व्हायला जागा हवी, तर दीड इंच भरपूर होतात. चढाला नाक लागू नये, उतरताना शेपूट घासू नये, यासाठीही तेवढे पुरतात.

आता उंची आणायची कशी? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाट्यांच्या गड्डीत एक जादा पाटा घालणे. माझ्या मते तो सगळ्यात वाईट. जिप्सीचे पाटे आधीच आखूड आणि ताठ. पाठीचे मणके मोजायचे असतील तर या गाडीत बसावं. त्यात आणखी एक पाटा घातला की खड्ड्यात चाक खाली लोंबायचंच थांबतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं की साध्या डिफरन्शियलमुळे सगळी ताकद त्या रिकाम्या चाकांत जाते आणि ती नुसती गरगरतात. फोर बाय फोरचा दांडा ओढलेला असूनही गाडी जागची हलत नाही. थोडक्यात, उंच केलेली गाडी आधीच्यापेक्षा लवकर अडकते. मी तर उलट पाहिलंय. एक पाटा काढून, बाकीचे साफ करून, मध्ये ग्रीस भरून दिलेली गाडी चिखलात जास्त चालते.

दुसरा झटपट उपाय म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी. दोन इंच लांब शॅकल लावली की उंची मिळते एकच इंच. पुढच्या बाजूला ती लावली की ॲक्सल थोडा फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. सातारा रस्त्यावर ऐंशीच्या वेगात गाडी अशी भरकटू लागली की उंचीचा अभिमान लगेच उतरतो.

म्हणून आधी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. यात टायरचा आकार आड येत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत ड्रायव्हरची बाजू बसलेली निघते. माझी निघाली होती. हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांसाठी जी कमानपाट्यांची दुकानं असतात, तिथला मिस्त्री पाटे भट्टीत तापवून कमान देतो. पण त्याला नीट पाणी दिलं नाही तर काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो नाहीतर तुटतो. मी मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घातले. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की परत वापरू नये. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. एवढ्यानेच इंचभर उंची परत मिळाली.

दीड इंचाच्या वर गेलं की इतर खर्च रांगेत उभे राहतात. शॉकॲब्सॉर्बर आखूड पडतात, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तिरप्या कोनात फिरून लवकर जातात, ब्रेकचे होज ताणतात. 1540 मिलिमीटर रुंदीची ही अरुंद गाडी आडव्या उतारावर कशी वागेल, याचा विचार तर कुणी करतच नाही.

इथे कायद्याबद्दल बोलायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होऊ देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हेतू रास्त आहे. पण माझ्या आरसीवर रंग, वजन, आसनं, सीसी सगळं आहे, जमिनीपासूनची उंची मात्र नाही. मग दीड इंच हा बदल की दुरुस्ती, हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. दीड इंचवाला आणि सहा इंचवाला एकाच भीतीने एकाच गॅरेजच्या मागच्या दाराने जातात, आणि होज ताणलाय का हे कुणी बघत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत 50 मिलिमीटरपर्यंत सस्पेन्शन वेगळ्या प्रमाणपत्राशिवाय उंच करता येतं, त्याहून जास्त उंचीला अभियंत्याची तपासणी लागते. जर्मनीत असा बदल तपासून कागदपत्रांवर नोंदवतात.

आपल्याकडे पंधरा वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावीच लागते. त्याच वेळी 40 मिलिमीटरची मर्यादा घालून द्या. चाक पूर्ण लोंबू देऊन होज आणि शॉकॲब्सॉर्बर बघा, शाफ्टचा कोन मोजा, हेडलाइटचा झोत खाली आणायला लावा आणि आरसीवर नोंद करा. फी लावली तरी हरकत नाही. मी ती पहिल्याच दिवशी भरेन.