हादऱ्याचा निरोप



गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. शाळेमागच्या रस्त्यावरून खडीनं भरलेला ट्रक गेला आणि बाकावरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण तडतडलं. एक पठ्ठ्या ओरडला, "बाई, भूकंप!" सगळा वर्ग खो खो हसला. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, खराच भूकंप लांब कुठं डोंगरात झाला, तर तो कुठं झाला हे शहरातल्या माणसांना कोण सांगतं हो?"

प्रश्न ऐकला आणि मला माझे आजोबा आठवले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपलेली. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. आमचं गाव किल्लारीपासून पन्नासएक किलोमीटरवर. चारच्या सुमाराला फळीवरची भांडी धडाधड खाली आली आणि सगळे अंगणात धावले. आजोबा सांगायचे, "हादरा तर कळला, पण तो कुठला, हे काही कळेना. दुपारी एसटीतून आलेल्या एका माणसानं सांगितलं, तेव्हा आम्ही भाकरी बांधून निघालो." त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. आजोबांना शेवटपर्यंत एकच रुखरुख होती, आधी कळतं तर सकाळीच निघालो असतो.

मुलांनो, जमीन हलली की ती आपला निरोप चहूकडे धाडतेच. पण तो टिपायला यंत्र लागतं आणि टिपलेला निरोप जाणकारांपर्यंत पोचवायला वाट लागते. आज या वाटेचीच गोष्ट ऐकू या.

आधी यंत्र पाहू. जुन्या सायकलचा डायनॅमो तुमच्यापैकी कुणी पाहिलाय? चाक फिरलं की आत चुंबक फिरतं, शेजारच्या तारेच्या गुंडाळीत वीज तयार होते आणि दिवा लागतो. भूकंप टिपणाऱ्या जिओफोन नावाच्या छोट्या यंत्रातही चुंबक आणि तारेची गुंडाळी असते. चुंबक डबीला पक्कं बसवलेलं आणि गुंडाळी नाजूक स्प्रिंगवर टांगलेली. जमीन हलली की डबी हलते, चुंबक हलतं, पण टांगलेली गुंडाळी जडत्वामुळे मागे रेंगाळते. दोघांची अशी चुकामूक झाली की तारेत वीज तयार होते. किती? अगदी कणभर! त्या विजेवर दिवा लागायचा नाही.

इथंच खरी अडचण सुरू होते. यंत्र ठेवायचं शांत जागी, रस्त्यापासून आणि गिरणीपासून दूर. नाहीतर तुमच्या ट्रकलाही ते भूकंपच म्हणेल! आणि नोंद वाचणारी माणसं बसणार शहरात. मग यंत्रापासून शहरापर्यंत एक लांबलचक तार ओढली तर? नाही चालत. लांब तार वाटेतल्या विजेच्या तारांची गुणगुण पकडते, वळवाच्या विजा पकडते. त्या गोंगाटात आपला कणभर निरोप पार बुडून जातो. कानगोष्टींचा खेळ आठवा. पहिल्यानं सांगितलेलं "आंब्याची डाळ" शेवटच्याच्या कानात "तांब्याची माळ" होऊन पोचतं ना? अगदी तसं.

मग शास्त्रज्ञांनी काय युक्ती केली असेल? तुमच्या शाळेतली पेटी आठवा. बाईंनी 'सा' धरला, तर तो जवळून मोठा ऐकू येतो आणि मैदानाच्या टोकाला बारीक. पण सा तो साच राहतो, त्याचा रे होत नाही. म्हणजे आवाज लांब गेला की लहान होतो, पण सूर बदलत नाही. मग निरोप आवाजात न ठेवता सुरात ठेवला तर! जमीन एका बाजूला हलली की सूर किंचित चढवायचा, दुसऱ्या बाजूला हलली की उतरवायचा. संगणक घरोघर येण्याआधी कितीतरी वर्षं भूकंपाच्या नोंदी अशाच सुरांतून टेलिफोनच्या तारांवरून आणि रेडिओवरून जात होत्या. अमेरिकेत तर आठ यंत्रांचे आठ वेगवेगळे सूर एकाच टेलिफोनच्या तारेवरून जायचे आणि पलीकडे ते पुन्हा निरनिराळे केले जायचे.

आताची युक्ती आणखी सोपी आहे. जिओफोनच्या शेजारीच एक छोटा संगणक ठेवतात. तो दर सेकंदाला शंभर वेळा वीज मोजतो आणि आकडा लिहितो. मग तार, रेडिओ, मोबाईल, उपग्रह, जी वाट मिळेल तिच्यावरून हे आकडेच पाठवायचे. आकडा पोचला तर जसाच्या तसा पोचतो. वाटेत बिघडलाच, तर तपासणीत चूक लक्षात येते आणि तो पुन्हा मागवता येतो.

पण आकडे होतात तरी किती? पाटी-पेन्सिल घ्या. १०० गुणिले ६० सेकंद, गुणिले ६० मिनिटं, गुणिले २४ तास. झाले ८६ लाख ४० हजार! एका यंत्राचे, एका दिवसाचे. इतके आकडे बारीक वाटेवरून जाणार कसे? त्यासाठी एक बनियेगिरी करतात. समजा आकडे आहेत ४०१२, ४०१४, ४०१३, ४०१५. हे सगळे पूर्ण कशाला पाठवायचे? पहिला ४०१२ पाठवा आणि पुढं फक्त फरक कळवा: अधिक २, उणे १, अधिक २. जमीन बहुतेक वेळ शांतच असते, त्यामुळे फरक चिमुकले असतात आणि निरोपाचं गाठोडं हलकं होतं.

आता सांगा, निरोप पाठवताना सगळ्यात महत्त्वाचं काय? आमच्या वर्गानं सांगितलं, "लवकर पोचणं." चूक! सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यावर नेमकी वेळ लिहिणं. पत्र उशिरा आलं तरी वरची तारीख बरोबर असली की भागतं, तसंच हे. भूकंपाच्या पहिल्या लाटा खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात. यंत्राचं घड्याळ दोनच सेकंद चुकलं, तर भूकंपाची जागा बारा किलोमीटरपर्यंत चुकू शकते. म्हणून ही यंत्रं उपग्रहाकडून किंवा इंटरनेटवरून आपलं घड्याळ सारखं जुळवून घेतात.

एवढं समजलं ना? आता चला माझ्याबरोबर हैतीला. वेस्ट इंडिजच्या बेटांमधला हा छोटासा, गरीब देश. १२ जानेवारी २०१० ला तिथं भीषण भूकंप झाला आणि लाखाहून जास्त माणसं दगावली. तेव्हा त्या देशात भूकंपमापकांचं जाळंच नव्हतं. नंतर ते उभं राहिलं, पण अशी मोठी यंत्रं महाग असतात आणि त्यांची देखभालही कठीण. मग स्टीव्ह सिमिथ, एरिक काले अशा शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक वेगळा प्रयोग सुरू केला. पाठ्यपुस्तकाएवढ्या, स्वस्तातल्या भूकंपपेट्या घ्यायच्या आणि त्या चक्क साध्या माणसांच्या घरी ठेवायच्या! आत जिओफोन आणि रास्पबेरी पाय नावाचा इवलासा संगणक. घरमालकानं जागा द्यायची, वीज द्यायची आणि आपलं इंटरनेट वापरू द्यायचं. बस्स.

तिथं वीज वरचेवर जाते, इंटरनेटही रुसतं. पण पेटी आपल्या नोंदी स्वतःजवळही जपून ठेवते. त्यामुळे तुटलेली वाट पुन्हा जुळली की राहिलेला निरोप मागाहून घेता येतो.

आणि १४ ऑगस्ट २०२१ ला, सकाळी साडेआठच्या सुमाराला, जमीन पुन्हा हलली. ७.२ तीव्रतेचा भूकंप, राजधानीपासून सुमारे १२५ किलोमीटर पश्चिमेला. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. वाटेत हिंसाचाराची भीती होती, त्यामुळे शास्त्रज्ञांना तिकडं जाणं अवघड होतं. त्यातच राष्ट्रीय जाळ्यातली नेहमीची भूकंपमापकं त्या वेळी बंद होती. मग निरोप कुणी दिला? ओळखलंत! लोकांच्या घरातल्या त्या पेट्यांनी. जवळून टिपलेली हालचाल त्यांनीच कळवली. नंतरचे छोटे-मोठे धक्के कुठं कुठं बसताहेत, हेही त्यांच्याच निरोपांवरून समजत गेलं. हे धक्के दोन ठिकाणी गोळा झालेले दिसले, आणि जमिनीखालचा खडकही त्याच दोन ठिकाणी सरकला होता. २०२२ मध्ये 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ही हकिगत छापून आली.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. भूकंप अमुक दिवशी अमुक वाजता होणार, असं या पेट्या सांगत नाहीत. तसं आज कुणालाच सांगता येत नाही. कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर ती अफवा समजा. पण भूकंप झाल्यावर तो कुठं झाला आणि मदत आधी कुठं पोचायला हवी, हे लवकर कळणं काय थोडं आहे? माझ्या आजोबांना विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

करून पाहा

वर्गात एका रांगेत दहा जण बसा. पहिल्यानं चार अंकी दहा आकडे लिहावेत. शेजारच्या दोन आकड्यांत ५ पेक्षा जास्त फरक नको. एकदा सगळे आकडे पूर्ण लिहून चिठ्ठीनं शेवटच्यापर्यंत पोचवा. दुसऱ्यांदा पहिला आकडा आणि पुढचे नऊ फरक पाठवा. कोणती चिठ्ठी लवकर लिहून होते? आणि दुसऱ्या चिठ्ठीतला मधला एकच फरक खोडला, तर काय घोटाळा होतो, तोही पाहा. म्हणूनच खरी यंत्रं अधूनमधून एखादा पूर्ण आकडा पाठवत राहतात!

डोकं चालवा

भूकंपाच्या दुसऱ्या लाटा जास्त हलवणाऱ्या, पण सावकाश चालणाऱ्या. पहिली आणि दुसरी लाट यांच्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला साधारण ८ नं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. एका पेटीत हे अंतर १२ सेकंद आलं. भूकंप किती लांब झाला? आणि तो नेमका कोणत्या दिशेला झाला, हे सांगायला आणखी किती पेट्या लागतील? नकाशा आणि कंपास घेऊन बसा, उत्तर आपोआप सापडेल. ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा, आणि कार्डावर तारीख घालायला विसरू नका. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहेच!

तुमच्या बाई